पांगुळगाडा आणि विजेची दुचाकी

मूल वर्षाचें होत आलें, भिंतीला धरून उभें राहूं लागलें, कीं महाराष्ट्रांतील घरोघरीं एके काळीं माळ्यावरून पांगुळगाडा खालीं येई. तीन लांकडी चाकें, वर एक चौकट आणि हातांत धरावयास आडवी दांडी, एवढेंच त्याचें यंत्र. मूल दांडी धरी, पाऊल टाकी, गाडा पुढें सरके आणि त्याच्या मागोमाग मूलहि पुढें जाई. दोन-चार महिन्यांनीं मूल गाडा सोडून स्वतःच्या पायांनीं धावूं लागे. मग गाडा पुन्हां माळ्यावर जाई आणि धाकट्या भावंडासाठीं, नाहीं तर शेजारच्या घरांतील बाळासाठीं, तेथें वाट पाहात राही. ज्या मुलासाठीं तो घेतला, त्या मुलाचा तो कायमचा कधींच होत नसे. मूल चालूं लागलें कीं त्याचें काम संपलें.

मुलांच्या वाहनांचा सगळा इतिहास ह्या लहानशा गाड्यांत सांठविलेला आहे. वाहन मुलाच्या अंगाला बेताचें असावें; मूल वाढेल तसें तें बदलावें; आणि मूल जें शिकावयाचें तें शिकलें कीं वाहनानें बाजूस व्हावें, ह्या तीन गोष्टी पांगुळगाड्याच्या घडणींतच आहेत. पुढें चाकांना रबर लागलें, पायडल आलें, इंजिन आलें आणि अखेरीस वीज आली. आतां मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे किंवा घाटकोपर-मुलुंडकडे, एखाद्या मोठ्या इमारतीच्या आवारांत चार-पांच वर्षांचें मूल विजेच्या चिमुकल्या दुचाकीवर बसलेलें क्वचित् दृष्टीस पडतें. तें पाहून कोणी कौतुक करतो, तर कोणी कपाळाला आठ्या घालतो. दोघांनींहि आपला निकाल देण्यापूर्वीं ह्या दुचाकीची वंशावळ पाहणें इष्ट होईल.

ह्या वंशावळींतील पहिली मोठी गोष्ट आयर्लंडमधील बेलफास्ट शहरीं घडली. जॉन बॉइड डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे; बेलफास्ट येथें गुरांचे डॉक्टर म्हणून त्यांचा जम बसला होता. त्यांच्या लहान मुलाला तीन चाकांची सायकल होती. तिचीं चाकें भरीव असल्यानें दगडी रस्त्यावर तीं आदळत आणि मुलाला धक्के बसत. डनलॉप यांनीं १८८७ सालीं पातळ रबराची नळी करून ती चाकाभोंवतीं बसविली व तींत हवा भरली. हें चाक मऊ तर झालेंच; पण ढकलून सोडलें असतां तें भरीव चाकापेक्षां अधिक दूर जातें, असें त्यांस आढळून आलें. १८८८ सालीं त्यांनीं त्याचें पेटंट घेतलें. हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉम्सन ह्या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच नोंदविलेली होती, हें मागाहून उघडकीस आलें आणि डनलॉप यांचा हक्क टिकला नाहीं. तथापि जगाच्या रस्त्यांवर हवेचें चाक रूढ झालें तें ह्या एका मुलाच्या तीनचाकीपासून.

त्यापूर्वीं दोन-तीन वर्षेंच, १८८५ सालीं, इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यांनीं दोन जवळजवळ सारख्या चाकांची आणि साखळीनें मागील चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल बनविली होती. तिला हवेचीं चाकें लाभलीं आणि आज आपण जी सायकल ओळखतों ती तयार झाली. एका पित्यानें आपल्या मुलाचे हाल पाहून केलेली दुरुस्ती पुढें मोठ्या माणसांच्या सायकलींना, मोटारींना आणि विमानांनाहि उपयोगी पडली. मुलाच्या खेळण्यांतील सुधारणा क्षुल्लक समजूं नये, हा धडा यंत्रविद्येच्या इतिहासानें त्या वेळींच दिलेला आहे.

ही सायकल मुंबईंत आली तेव्हां आजचीं उपनगरें म्हणजे साष्टी बेटांतील खेडींच होतीं. अंधेरी-बोरिवलीकडे भातशेतें व ताडामाडांच्या वाड्या, तर भांडुप-मुलुंडकडे खाडीच्या कांठीं मिठागरें, असा तो मुलूख होता. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली आणि १८६७ सालीं विरारकडून मुंबईस गाडी येऊं लागली. तरी खेड्यांचें उपनगर होण्यास वीज यावी लागली. मुंबई शहरांत ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची आगगाडी धावूं लागली. आणि १९२९ सालीं उपनगरांस वीज पुरविणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. वीज उपनगरांत अशी प्रथम आगगाडी ओढीत आली आणि मग घरांत दिवा लावूं लागली. मुलाच्या दुचाकीपर्यंत पोंचावयास तिला आणखी पाऊणशें वर्षें लागावयाचीं होतीं.

घर आणि स्टेशन यांमधील अंतर तोडण्यासाठीं उपनगरांतील नोकरदारानें सायकल जवळ केली. मुंबईकरांची सायकलीवरील निष्ठा त्या काळीं किती होती, हें एका गोष्टीवरून दिसतें. ऑक्टोबर १९२३ मध्यें मुंबईच्या सहा पारशी तरुणांनीं सायकलीवरून जगप्रवासास प्रस्थान ठेवलें. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १९२८ सालीं, म्हणजे बोरिवलीस विजेची गाडी पोंचली त्याच वर्षीं, मुंबईस परत आले. १९३९ सालीं हिंद सायकल्स हा कारखाना मुंबईंत निघाला आणि सायकल देशी झाली.

मात्र ही सायकल मोठ्या माणसाच्या मापाची होती. मुलाच्या मापाची सायकल बहुतेक घरांच्या ऐपतीबाहेर असल्यामुळें मुलानेंच सायकलीचें माप स्वीकारलें. वडिलांची सायकल दुपारीं मोकळी सांपडली, किंवा कोपऱ्यावरील दुकानांतून ती तासाच्या भाड्यानें आणली, कीं आडव्या नळीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वांकडें करून, मुलें 'हाफ पायडल' मारीत. गुडघे फुटत, कोपरें सोलत. आणि असें दोन सुट्ट्या चाललें कीं तिसऱ्या सुट्टींत नळीवरून पाय टाकून 'फुल पायडल' सुरू होई. गैरसोयीच्या ह्या शिक्षणांत एक मोठा गुण होता. सायकलीला वेग येई तो मुलाच्या पायांतून. पायांत जेवढें बळ, तेवढाच वेग. आणि तें बळ येईपर्यंत तोल आणि धीर हेहि येऊन चुकलेले असत. निसर्गानें घातलेला हा बांध आपोआप मुलाचें रक्षण करी.

इंजिन आलें आणि हा बांध फुटला. १९४९ सालीं मुंबईंत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या भांडुपच्या कारखान्यांतून इटलीच्या लँब्रेटा जातीच्या स्कूटरी बाहेर पडूं लागल्या. वडील चालवीत आहेत, आई मागें बसली आहे आणि मूल पुढें उभें राहून हँडल धरून आहे, हें चित्र उपनगरांच्या रस्त्यांवर पुढें कित्येक वर्षें दिसत होतें. त्या मुलाला वाटे कीं आपणच गाडी हांकीत आहों. १९७२ सालीं किनेटिक इंजिनिअरिंगनें 'लूना' ही हलकी गाडी आणली आणि कॉलेजांत जाणारीं मुलेंमुली स्वतः इंजिनावर बसूं लागलीं. येथें बळ पायांतून यावयाचें नव्हतें. मूठ पिळली कीं तें हजर होई. निरोगी प्रौढ मनुष्य सायकल चालवितांना बराच वेळ शंभर-दीडशें वॉट शक्ति देऊं शकतो. पांचशें वॉटची लहानशी मोटर म्हणजे तीन-चार माणसांचे पाय होत. तीं न कमावतां मिळालेलीं पावलें आहेत, आणि म्हणूनच कायद्यानें ह्या ठिकाणीं वयाची भिंत उभी केली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक जागीं मोटार चालविण्यास मनाई केली. १९८८ च्या कायद्यानेंहि तीच मर्यादा ठेवून पन्नास सी. सी. पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती ती सोळा वर्षें केली.

ही मनाई योग्य होती व आहे. परंतु तिच्यामुळें एक प्रश्न शिल्लक राहिला. अठराव्या वर्षीं परवाना मिळालेला तरुण एकाएकीं इंजिनाचा स्वामी होतो. इंजिनाच्या शक्तीला आवर घालण्याचें शिक्षण त्याला कोणीं आणि कोठें द्यावयाचें? ह्या प्रश्नाचें एक उत्तर दूर देशीं एका निराळ्या खेळांतून तयार होत होतें. त्या खेळाचें नांव 'ट्रायल', म्हणजे कसोटी.

ब्रिटनमध्यें मोटरसायकली नव्या होत्या तेव्हां त्या चढावर टिकतात कीं बंद पडतात, हें पाहण्यासाठीं डोंगराळ प्रदेशांत कसोट्या घेत. स्कॉटलंडमध्यें १९०९ सालीं अशी पांच दिवसांची कसोटी झाली. पुढील वर्षापासून ती सहा दिवसांची झाली आणि त्याच नांवानें आजहि चालते. १९१४ सालीं यॉर्कशायरमध्यें आल्फ्रेड स्कॉट या मोटरसायकल बनविणाऱ्या गृहस्थाच्या नांवाची कसोटी सुरू झाली. आरंभीं कसोटी यंत्राची होती. यंत्रें भरंवशाचीं झालीं तशी ती बसणाऱ्याची होऊं लागली. ओढ्याच्या पात्रांतील धोंडे, निसरडा चिखल, झाडांचीं मुळें आणि उभा चढ यांमधून आंखून दिलेल्या अरुंद वाटेनें दुचाकी पलीकडे न्यावयाची, आणि पाय जमिनीला लावावयाचा नाहीं, असा तिचा नियम ठरला. १९७५ सालापासून तिची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरत आहे.

मराठी मुलाला हा नियम नवा वाटूं नये. लंगडीच्या खेळांत दुसरा पाय टेकला कीं डाव गेला. ट्रायलमध्येंहि तेंच तत्त्व आहे. एकदां पाय टेकला तर एक दोष, दोनदां टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळां टेकला तर तीन. आणि दुचाकी आडवी झाली किंवा आंखलेल्या हद्दीबाहेर गेली तर पांच. ज्याचे दोष सर्वांत कमी तो विजयी. धोंड्यांवर गाडी चढवितांना ती माणसाच्या चालीइतकी, कित्येकदां त्याहूनहि सावकाश चालते. मल्लखांबावरील खेळाडूची योग्यता जशी त्याच्या आसनांच्या स्थैर्यावर ठरते, तशी येथें ती तोलावर ठरते. वेगानें धोंड्यावर जाणारा हमखास पडतो. मूठ किती कमी पिळावी हें ज्याला कळलें, त्यालाच हा खेळ साधला.

लहान मुलांना हा खेळ शिकविण्याच्या मार्गांत पेट्रोलचें इंजिन आडवें येत होतें. तें तापतें, धूर सोडतें, कर्कश आवाज करतें, आणि क्लच व मूठ यांचा मेळ चुकला कीं चढावर बंद पडतें. चार-पांच वर्षांच्या मुलाच्या पंजाला क्लच ओढवत नाहीं. ही अडचण दूर झाली ती पुन्हां एका पित्याच्या हातून. इंग्लंडमधील इयन स्मिथ यांना आपल्या ऑलिव्हर नांवाच्या लहान मुलासाठीं मनाजोगी दुचाकी मिळेना. तेव्हां त्यांनीं विजेच्या मोटरीवर चालणारी एक लहानशी ट्रायलची दुचाकी स्वतःच बनविली. तींतून २००४ सालीं एक कंपनी उभी राहिली. 'ऑलिव्हर स्मिथ इलेक्ट्रिक ट्रायल्स' ह्या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन तिचें नांव 'ओसेट' ठेवण्यांत आलें. २०२२ सालीं ट्रायम्फ ह्या जुन्या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीनें ती विकत घेतली. डनलॉप यांच्या तीनचाकीनंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं मुलासाठीं केलेली दुरुस्ती पुन्हां एकदां मोठ्यांच्या जगांत शिरली. २०१७ सालीं विजेच्या ट्रायल दुचाकींची आंतरराष्ट्रीय चषकस्पर्धाहि सुरू झाली.

विजेची मोटर मुलाला मानवते याचीं कारणें साधीं आहेत. तिला क्लच लागत नाहीं व गिअर लागत नाहीं; ती चढावर बंद पडत नाहीं आणि उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते. परंतु सर्वांत महत्त्वाची सोय निराळीच आहे. ह्या दुचाकींवर फिरवावयाच्या खुंट्या बसविलेल्या असतात. एक खुंटी कमाल वेग ठरविते, दुसरी जोर ठरविते आणि तिसरी मूठ पिळल्यावर तो जोर किती झटकन् यावा हें ठरविते. इंजिनानें फोडलेला निसर्गाचा बांध खुंट्यांच्या रूपानें पालकांच्या हातीं परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. मुलाच्या पायांत आज जेवढा धीर आहे, तेवढेंच बळ आज त्याच्या मुठींत ठेवतां येतें.

अशी दुचाकी पदरीं बाळगणें म्हणजे पांगुळगाडा बाळगण्यासारखेंच आहे. तिचीं मापें चाकांच्या इंचांवरून ओळखतात. साडेबारा इंचांची तीन ते पांच वर्षांच्या मुलाला, सोळा इंचांची त्यापुढील दोन-तीन वर्षें, आणि मग वीस व चोवीस इंचांची, असा साधारण क्रम असतो. एका मुलाचें बाळपण संपेपर्यंत तीन-चार वेळां गाडी बदलावी लागते. जेथें हा खेळ रुजला आहे तेथें कुटुंबें लहान झालेली गाडी धाकट्या भावंडाकडे देतात किंवा दुसऱ्या घरीं विकतात, आणि त्या पैशांत थोडी भर घालून पुढील माप घेतात. मूल मोठ्या मापावर चढविण्याची घाई मात्र करूं नये. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, ही साधी कसोटी पुरेशी आहे. 'वर्षभरानें बसेलच कीं' म्हणून ढगळ कपडा घेतां येतो. ढगळ दुचाकी घेणें धोक्याचें असतें.

गाडी सुधारण्याचा मोह बहुतेकांना बॅटरीपासून सुरू होतो, म्हणून तिचा इतिहासहि जाणून घ्यावा. शिसें आणि आम्ल यांची, पुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समध्यें गास्ताँ प्लाँते यांनीं १८५९ सालीं तयार केली. आरंभींच्या मुलांच्या दुचाकींत हीच असे. ती स्वस्त पण फार जड. आणि रिकामी ठेवली तर लवकर मरते. लिथियमची बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ सालीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तेवढीच वीज सांठविण्यास लिथियमला सुमारें एक-तृतीयांश वजन पुरतें. पांच वर्षांचें मूल सरासरी अठरा किलोंचें असतें. त्याच्या गाडींतील सात-आठ किलो कमी होणें म्हणजे पडलेली गाडी त्याला स्वतः उचलतां येणें होय. बॅटरींतील वीज मोजण्याची रीत सोपी आहे. व्होल्टचा आंकडा ॲम्पिअर-अवरच्या आंकड्यानें गुणावा. ३६ व्होल्ट आणि १० ॲम्पिअर-अवर यांचे ३६० वॉट-अवर झाले. घरच्या विजेच्या बिलांतील एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर. तेव्हां ही बॅटरी एकदां भरावयास एका युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक वीज लागते.

सुधारणेचा योग्य क्रम असा आहे. प्रथम ब्रेकची दांडी मुलाच्या बोटांच्या टप्प्यांत आणावी. मग टायरांतील हवा कमी करून पकड वाढवावी, हँडलाची उंची जुळवावी आणि धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा मुलाच्या वजनाला बेताच्या कराव्या. त्यानंतर शिशाच्या जागीं लिथियम, तीहि तितक्याच व्होल्टची आणि तिच्याच जातीच्या चार्जरसह घ्यावी. वेग हा ह्या यादींत अखेरचा. काहीं हौशी माणसें उलट्या टोंकापासून आरंभ करितात आणि जुन्याच कंट्रोलरला अधिक व्होल्टची बॅटरी जोडतात. त्यानें कंट्रोलर जळतो, तारा वितळतात आणि कधीं आगहि लागते. आणि तसें न झालें तरी मुलाच्या हातीं त्यानें न कमावलेला वेग येतो. मुंबईच्या हवेंत आणखी एक पथ्य आहे. समुद्राजवळच्या खाऱ्या वाऱ्यानें आणि चार महिन्यांच्या पावसानें साखळीला व विजेच्या जोडांना गंज चढतो. म्हणून गाडी धुतल्यावर कोरडी करावी, साखळीला तेल द्यावें, आणि बॅटरी घरांत कोणी जागें असतांनाच भरावी.

हीं यंत्रें परदेशींचींच राहिलेलीं नाहींत. हिरो मोटोकॉर्पच्या 'विदा' ह्या विजेच्या गाड्यांच्या शाखेनें डिसेंबर २०२५ मध्यें चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठीं 'डर्ट-ई के-३' ही दुचाकी बाजारांत आणली. ती ट्रायलची नसून कच्च्या वाटेवरील सर्वसाधारण खेळाची आहे. तिची बैठक मुलाबरोबर तीन मापांत वाढवितां येते, बॅटरी काढून घेतां येते आणि ताशीं २५ किलोमीटरांचा कमाल वेग पालकांस खालीं आणतां येतो. एकाच गाडीनें तीन मापें पुरविणें ही कल्पना पांगुळगाड्याच्या देशांत आवडण्यासारखी आहे. आरंभीं तिची किंमत सुमारें सत्तर हजार रुपये ठेवण्यांत आली. म्हणजे ती अजून थोड्याच घरांची वस्तु आहे.

येथें कायद्याचा विचार पुन्हां करावा लागतो. भारतीय नियमांप्रमाणें अडीचशें वॉटपेक्षां कमी शक्तीची आणि ताशीं २५ किलोमीटरांपेक्षां कमी वेगाची विजेची दुचाकी 'मोटार वाहन' समजली जात नाहीं. पांचशें वॉटची गाडी ह्या सवलतींत बसत नाहीं, आणि एम. एच. ०२, ०३ किंवा ४७ ह्या उपनगरांच्या अक्षरांची पाटीहि तिला मिळावयाची नाहीं. तिची जागा रस्त्याबाहेरच आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीनें कायदा आणखी कडक झाला आहे. अल्पवयीन मुलानें मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. १९ मे २०२४ रोजीं पुण्याच्या कल्याणीनगरांत एका भरधांव मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्या रात्रीनंतर महाराष्ट्रांत ज्या पालकानें मुलाच्या हातीं किल्ली देतांना क्षणभर विचार केला नसेल, असा पालक विरळा.

मग चार वर्षांच्या मुलाला मोटर देणें म्हणजे त्याच वाटेचें पहिलें पाऊल नव्हे काय? केवळ मोटर दिली तर तसेंच होईल. इमारतीच्या आवारांत, उभ्या मोटारींच्या मधून, मूल सरळ रेषेंत पळत सुटलें, तर तें फक्त वेग शिकेल. त्यांत दुसराहि धोका आहे. पेट्रोलची गाडी येण्यापूर्वीं ऐकूं येते. विजेची येत नाहीं. जिना उतरणारी आजी किंवा चेंडूमागें धावणारें तान्हें पोर यांना ती दिसते तेव्हां ती जवळ आलेली असते. परंतु तेंच मूल चार ओंडके, दोन धोंडे आणि थोडी वाळू यांच्यामधून पाय न टेकतां जावयास शिकलें, तर अठराव्या वर्षीं त्याच्या मुठीला आवरण्याची संवय चवदा वर्षांची झालेली असेल. यंत्र दोन्ही ठिकाणीं एकच. फरक आहे तो जागेचा आणि शिकविणाऱ्याचा.

उपनगरांना आज उणीव आहे ती ह्या जागेची. १९५० व १९५७ सालीं हीं उपनगरें बृहन्मुंबईंत सामील झालीं तेव्हां त्यांच्याजवळ जमिनीची श्रीमंती होती. शेतांवर आतां इमारती आहेत. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आणि आरेची हिरवळ हीं वन्य जीवांचीं व झाडांचीं घरें आहेत. तेथें मोटर नेणें, मग ती कितीहि लहान असो, उचित होणार नाहीं. पण ट्रायलला लांबलचक मार्ग लागत नाहीं. वेगाच्या शर्यतीला मैलभर जागा हवी. तोलाच्या कसोटीला तीस पावलें लांब आणि वीस पावलें रुंद एवढा तुकडा पुरतो. विजेमुळें तेथें धूर व गोंगाटहि होत नाहीं, म्हणून शेजाऱ्यांस त्याचा उपद्रव नाहीं. अंधेरीस शहाजीराजे भोसले यांच्या नांवाचें क्रीडासंकुल आहे. मुलुंडलाहि नगरपालिकेचें क्रीडासंकुल आहे. तेथें पोहावयास तलाव आहेत, कारण मुलानें पाण्यांत पडण्यापूर्वीं पोहणें शिकावें हें सर्वांस पटलेलें आहे. रस्त्याच्या प्रवाहांत पडण्यापूर्वीं तोल व आवर शिकावा, हें त्याहून कमी निकडीचें नाहीं. कुंपण घातलेला एक तुकडा, कांहीं ओंडके, डोक्यावर शिरस्त्राण घातल्याशिवाय आंत सोडावयाचें नाहीं असा नियम, आणि खुंट्या कोणत्या आंकड्यावर आहेत हें पाहणारा एक जाणता माणूस, एवढ्यावर हें शिक्षण होऊं शकतें. दोन-तीन गाड्या सामाईक ठेवल्या तर ज्यांच्या घरीं सत्तर हजार रुपये नाहींत त्यांच्या मुलांनाहि त्या, पूर्वींच्या भाड्याच्या सायकलीप्रमाणें, तासाच्या हिशोबानें मिळतील.

बेलफास्टच्या पित्यानें मुलाचे हाल पाहून चाकांत हवा भरली. इंग्लंडच्या पित्यानें मुलासाठीं मोटरीला खुंट्या लावल्या. दोघांनींहि मूल आधीं पाहिलें आणि यंत्र मागाहून. पांगुळगाडा करणाऱ्या गांवच्या सुतारानें तरी दुसरें काय केलें होतें? त्यानें दांडी बाळाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवली आणि चाकें अशीं बसविलीं कीं गाडा बाळाच्या पावलापेक्षां अधिक वेगानें जाऊं नये. उपनगरांतील ज्या घरीं विजेची दुचाकी येईल, त्या घरच्या माणसांनीं खुंटी फिरवितांना त्या सुताराची आठवण ठेवावी. मूल मापानें वाढेल तेव्हां गाडी पुढील घरीं द्यावी. त्याच्या अंगीं बाणलेला तोल त्याच्यापाशींच राहील.